तांबडा झगा आणि माझी पारख

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम माता-भगिनींना, ज्येष्ठांना, तरुणांना आणि मांडवाबाहेर मोटारसायकलवर बसून ऐकणाऱ्या मंडळींना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, आपल्या सर्वांच्या लाडक्या तांबड्या झग्याचा रंग राखाडी करण्यात आलेला आहे. तरी सर्वांनी आपापल्या जागी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी.

ही घोषणा मी खरोखर केली होती. दौंडच्या एका थिएटरबाहेर, सोड्याच्या गाडीपाशी, भर दुपारी, एक हात छातीवर आणि एक हात हवेत धरून. श्रोते दोन होते. सोडेवाला उभाच होता. पार्किंगच्या पावत्या फाडणारा माणूस मात्र माझ्या शब्दाला मान देऊन स्टुलावरून उठला. आत त्या वेळी पिक्चरचा इंटरवलनंतरचा भाग सुरू झाला होता. तो बघण्यासाठी मला शिरूरहून मानाने बोलावून आणलं होतं, एका पोरीची पुढची दोन वर्षं माझ्या मतावर ठरणार होती, आणि मी बाहेर लिंबू सोडा पीत शोकसभा घेत होतो.

हे सगळं मी आजवर बऱ्याच ठिकाणी विनोदी किस्सा म्हणून सांगितलं आहे. सांगताना दरवेळी एक-दोन गोष्टी गाळल्या. आज गाळणार नाही.

तर आधी झगा. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं बालपण दौंडच्या क्वार्टर्समध्ये गेलं. स्टेशनसमोर एक दुकान होतं. तिथे सुतळीला चिमटे लावून हिंदी कॉमिक्स वाळत घातल्यासारखी टांगलेली असत आणि ती एका दिवसाच्या भाड्याने मिळत. त्यातला एक नायक माझा. गुंडांनी कोरड्या विहिरीत ढकललेला एक साधा माणूस. तिथून वर येतो तो अंगात हत्तीचं बळ आणि खांद्यावर तांबडा झगा घेऊन. त्याची खूण म्हणजे तो हसायचा. भिंत फोडताना हसायचा, मार खाताना हसायचा, गुंड पळाले की कंबरेवर हात ठेवून पानभर हसायचा. त्या हसण्यासाठी मी गणितात नापास व्हायला तयार होतो, आणि झालोही.

मी ती कॉमिक्स एकटा वाचत नसे. खुटबावचा एक पोरगा आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहायचा. त्याचं घराणं मेंढपाळांचं. आई-बाप मेंढरांमागे फिरतीवर, म्हणून हा वसतिगृहात. त्याला हिंदी वाचायला वेळ लागायचा. मग आम्ही मालधक्क्याजवळच्या कट्ट्यावर बसायचो आणि मी सगळे आवाज काढून त्याला वाचून दाखवायचो. गुंडाचा घोगरा, फौजदाराचा जाडा, नायिकेचा बारीक, आणि शेवटी ते हसणं. तो माझा पहिला प्रेक्षक. पुढे मला जो माइकचा रोग लागला, त्याचं मूळ त्या कट्ट्यावर आहे. माझ्या तोंडून आलेलं त्याला खरं वाटायचं, आणि त्याला खरं वाटतंय हे बघून मला चढायची.

आता आम्ही दोघंही पन्नाशीला टेकलो आहोत. तो खुटबावला ऊस आणि कांदा करतो. मी शिरूरला राहतो, जवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माझं काम म्हणजे नग उचलायचा, माप लावायचं, आणि चुकला असेल तर लाल शिक्का मारायचा. बरोबर नग कुणाच्या लक्षात राहत नाही. बाद केलेल्या नगावर मात्र माझी सही जाते. सुट्टीच्या दिवशी लग्नांत आणि जत्रांत सूत्रसंचालन करतो. न्हावऱ्यापासून निमोण्यापर्यंत कुठल्याही मांडवात "वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावं" हे वाक्य ऐकून बायका डोळ्याला पदर लावत असतील, तर तो आवाज बहुधा माझा. आणि घरी पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात ती सगळी कॉमिक्स, जुन्या रद्दीवाल्यांकडून जमवलेली. बायको त्या ट्रंकेला माझी पहिली बायको म्हणते आणि झाडताना मुद्दाम तिला केरसुणी मारते.

मागच्या वर्षी बातमी आली की तांबड्या झग्याचा नवा पिक्चर येतोय. नवा म्हणजे रीबूट. जुनं सगळं पुसायचं आणि तोच माणूस पुन्हा पहिल्यापासून जन्माला घालायचा. आमचा जुन्या कॉमिक्सवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे पहिलं पोस्टर आलं त्या दिवशीच सुतक लागलं. झगा राखाडी. नायकाला दाढी. मी तिथल्या तिथे दोन परिच्छेद लिहून टाकले. पिक्चर यायला अजून चार महिने होते.

आणि मग पिक्चर लागायच्या आदल्या आठवड्यात खुटबावच्या दोस्ताचा फोन आला.

"गड्या, त्यो आपला झगेवाला व्हता बघ. त्याच्या पिक्चरात आमच्या पोरीनं काम केलंय."

मी उडालोच. म्हटलं, हिरॉइन?

"न्हाई रं. काम्प्युटरवर. पुण्याला हापिसात बसून करती ती."

पोरगी मला माहीत होती. चोवीस वर्षांची, केडगावहून रोज गाडीने पुण्याला जायची, खांद्याला कायम एक काळी सॅक. काय करते असं कुणी विचारलं की तिची आई "कंपनीत हाय" एवढंच सांगायची. आता तिला हैदराबादहून बोलावणं आलं होतं. याच कामाचं, पण मोठ्या जागी, दोन वर्षांसाठी. आणि त्याच महिन्यात तिच्यासाठी एक स्थळही आलं होतं. त्या पाहुण्यांना दिवाळीत लग्न हवं होतं.

"माझं काय म्हणणं न्हाई," दोस्त म्हणाला, "पण काम खरं हाय का खेळ हाय, हे मला कळना. मेंढरू असतं तर मी बघितलं असतं. तू ह्यातला जाणता. तू पिक्चर बघ, तिचं काम बघ, आन् सांग. खरं असंल तर जाऊ दे तिला हैद्राबादला. न्हाईतर लगीन करून टाकू."

इथे त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंढरं होती तेव्हा कळपासाठी नर विकत घ्यायचा असला की घरच्यांनी ठरवायचं नाही, असा त्यांचा नियम. घरच्यांचा जीव लगेच जडतो. म्हणून बाहेरचा एक पारखी बोलवायचा. निकाल ऐकण्याआधी त्याला टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा. म्हणजे निकाल काहीही लागला तरी मान अगोदरच दिलेला. त्याने जनावराचं तोंड उघडून दात बघायचे, पाठ चाचपायची, चालवून बघायचं आणि एकदाच बोलायचं. त्यावर कुणी वाद घालायचा नाही. अट एकच. दात बघितलेच पाहिजेत. दात न बघता बोलणारा पारखी कितीही नावाजलेला असो, त्याचा शब्द मोडीत, आणि मग घरातलं सगळ्यात वडील माणूस म्हणेल ते खरं.

मेंढरं गेली, रीत राहिली. ट्रॅक्टर घेताना त्यांनी केडगावचा एक गॅरेजवाला पारखी म्हणून आणला होता. त्याने टोपी घातली, बॉनेट उघडलं, कान लावला आणि "न्हाई" म्हणाला. तो ट्रॅक्टर आला नाही. थोरल्या पोरीच्या वेळी जावयासाठीसुद्धा पारखी आणला होता म्हणतात. जावयाचं तोंड उघडलं का, हे मी विचारलेलं नाही.

आता पारखी मी.

त्याच संध्याकाळी पोरीचाही फोन आला.

"काका, तुम्ही येताय ना? बरं झालं. दुसरं कुणी असतं तर मी घाबरले असते."

"तू काय केलंयस त्यात, ते तर सांग."

"ते न्हाई सांगणार. सांगितलं तर तुम्ही तेवढंच बघाल. न सांगता दिसलं पाहिजे, तरच ते खरं. इंटरवलनंतर बघा फक्त. पूल येतो तिथनं पुढं."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "एकदा तो टॉवेल खांद्यावर पडू दे. असा बोलतो की तुझा बाप स्वतः तुला हैदराबादच्या गाडीत बसवून येईल."

ती हसली. मला आठवतंय, तिने "थँक्यू काका" दोनदा म्हटलं.

पिक्चर लागला त्या पहिल्या रविवारी मी मोटारसायकलवरून न्हावऱ्यामार्गे पारगावचा पूल ओलांडून खुटबावला गेलो. तिथून पिकअप निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी आबा, म्हणजे दोस्ताचे वडील, ऐंशीच्या पुढचे. आयुष्याची चाळीस वर्षं मेंढरांमागे चाललेले. मागे आम्ही बाकीचे. चुलते-चुलत्यांसकट, मला सोडून, घरचे एकूण चौदा जण. पोरीच्या आईने भुईमुगाच्या शेंगा भाजून आणल्या होत्या. पोरगी मागच्या फळीला पाठ लावून बसली होती आणि काही खात नव्हती.

थिएटरात त्यांनी मला शेवटच्या रांगेत मधोमध बसवलं आणि स्वतः सगळे पुढे जाऊन बसले. पारख्याला एकट्याला बसू द्यायचं असतं. त्याच्या कानात कुणी काही कुजबुजू नये म्हणून. मला ते फार आवडलं. अख्खी रांग माझी. मी पाय पसरले.

आणि पिक्चर सुरू झाला.

मी प्रामाणिकपणे सांगतो, पहिला भाग मला खरोखर लागला. विहीर नाही! विहिरीच्या जागी काचेची प्रयोगशाळा. जो माणूस आमच्या वेळी तालमीत वाढलेला होता, तो आता लॅपटॉप घेऊन रडत होता. झगा राखाडी, तोही गोणपाटासारखा. आणि हसणं? सव्वा तास झाला, गडी एकदाही हसला नाही. काळी कॉफी पितो, पावसात उभा राहतो, आईचा फोटो बघतो. मालधक्क्याजवळच्या कट्ट्यावर बसलेली दोन पोरं मला दिसत होती आणि कुणीतरी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतंय असं वाटत होतं. ते दुःख खोटं नव्हतं. पण खरं दुःख झालं की मला लगेच श्रोते लागतात, हा माझ्यातला जुना दोष आहे.

इंटरवल झाला. पुढची मंडळी बसूनच राहिली, शेंगा सोलत. मी बाहेर आलो, सोडा घेतला, आणि सोडेवाल्याने साधं विचारलं, "कसाय पिक्चर?"

बस्स. त्याने धरण फोडलं. मी विहिरीपासून सुरुवात केली. सोडेवाला हसला. मी दाढीवर गेलो. पार्किंगवाला जवळ सरकला. मी काळी कॉफी पिणाऱ्या नायकाची नक्कल केली, तोंड कडू करून, आकाशाकडे बघत. दोघंही खदखदले. घंटा झाली. मी ऐकली. म्हटलं, झग्याचं तेवढं सांगतो आणि जातो. मधूनच मोबाइल काढून जमलेली वाक्यं ग्रुपवर टाकत होतो. तिकडूनही टाळ्या येत होत्या. आणि मग ती शोकसभेची घोषणा सुचली. अशी घोषणा सुचल्यावर ती न करता आत जाणं माझ्याच्याने झालं नाही.

घोषणा संपली तेव्हा पायरीवर पोरगी उभी होती.

"काका, सुरू झालंय कवाच. पूल येईल आता."

"तू बाहेर कशी?"

"मला बघवत न्हाई आत बसून. छातीत धडधडतंय. चला ना."

"आलोच. हो तू पुढं."

"नक्की?"

"अगं, पारखी मी का तू?"

ती हसली आणि आत गेली. दार लोटताना तिने एकदा वळून पाहिलं. मी तिला सोड्याची बाटली उंचावून दाखवली.

आणि गेलो नाही. कारण पार्किंगवाल्याने तेवढ्यात आणखी एकाला हाक मारली होती, "ए, इकडं ये, ह्यांचं ऐक," आणि त्या तिसऱ्यासाठी मी सगळं पुन्हा विहिरीपासून सांगितलं.

आत शिरलो तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. आमची चौदा माणसं उभी राहून, माना वर करून, त्या पळणाऱ्या हजारो नावांत एक नाव शोधत होती. दोस्ताने मोबाइल उंच धरला होता. "आलं, आलं!" कुणीतरी ओरडलं, आणि तोवर ते गेलंही. फोटोत नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या. तरी दोस्ताने तो फोटो मला दाखवला, बोट ठेवून.

"हितं कुठंतरी हाय."

खुटबावला परतलो. दोस्ताच्या घरापुढे कांदा साठवायची चाळ आहे. तिच्या सावलीत सतरंजी टाकली होती, आबांना खुर्ची, मला खुर्ची. शेजारच्या गुऱ्हाळातले चार बापे आले, वस्तीवरच्या बायका आल्या. चहा झाला. दोस्ताने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि सतरंजीवर जाऊन बसला. शाळेत असताना कट्ट्यावर बसायचा तसाच, गुडघे पोटाशी घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत.

मी काय बोलायचं ठरवलं होतं? पोरीची बाजू घ्यायची, हेच. वाटेत पिकअपमध्ये मी दोन गोलमोल वाक्यं तयारही केली होती. "काम कष्टाचं आहे, पोरगी हुशार आहे, जाऊ द्या." एवढं बोलून बसलो असतो तर तेही खोटंच ठरलं असतं, पण निदान कुणाच्या वाईटाचं नसतं.

पण मी उभा राहिलो, समोर वीस-पंचवीस तोंडं दिसली, आणि सोड्याच्या गाडीपाशी जमलेली सगळी वाक्यं आपोआप जिभेवर आली. विहिरीपासून. लोक हसले. दाढी. लोक आणखी हसले. गुऱ्हाळातल्या एकाने मांडीवर थाप मारली. कॉफीची नक्कल केली तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला. मला थांबता येईना. वाक्य वर चढत गेलं की शेवटी त्याला कुठेतरी आपटावं लागतं, हे माइकवाल्या माणसाला माहीत असतं. मी टॉवेल सावरला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "मंडळी, ज्या कामात विहीर नाही, झगा नाही, हसू नाही, ते काम नव्हे, तो संगणकाचा खोटा खेळ आहे. आणि खोट्या खेळापायी पोरीच्या जातीनं घर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

मग मी तिच्याकडे बघितलं. ती चाळीच्या खांबाला टेकून उभी होती. तिला माहीत होतं मी आत नव्हतो. सगळ्यांत तिला एकटीला माहीत होतं. "हे बाहेर होते," एवढे तीन शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. मी तिचा काका होतो, बापाचा दोस्त होतो, माझ्या खांद्यावर घरचा टॉवेल होता. भरल्या बैठकीत माझी फजिती तिला करायची नव्हती. तिने फक्त खाली मान घातली आणि सॅकचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

दोस्त उठला. "झालं मग," म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "पारखी बोलला. बाळा, पाव्हण्यांना फोन करतो मी."

"बरं," ती म्हणाली.

आता इथे मी जरा थांबतो आणि नंतरचं आधी सांगून टाकतो, कारण या गोष्टीतलं शेवटचं वाक्य माझं नाही आणि त्याच्यानंतर बोलायची माझी लायकी नाही.

तो पिक्चर मी नंतर तीनदा पाहिला. तिन्ही वेळा पहिल्या रांगेत, एकटा, मोबाइल बंद करून. इंटरवलनंतर नदीला पूर येतो, पूल खचतो, आणि पुलावर एक मेंढरांचा कळप अडकलेला असतो. झगेवाला खाली पाण्यात उतरून पूल खांद्यावर तोलून धरतो आणि मेंढरं एकेक करून पलीकडे जातात. शेवटी एक लंगडी राहते. मागचा डावा पाय धरत, थांबत, बिचकत येते. मधेच उभी राहून मागे वळून बघते, तिचं कुणी राहिलंय का म्हणून. आणि तिला तसं बघताना पाहून, डोक्यावर अख्खा पूल असताना, झगेवाला हसतो. पिक्चरमध्ये पहिल्यांदा. आमच्या कॉमिक्समधलं हसणं, जसंच्या तसं. मी ज्याच्या नावाने बाहेर शोकसभा घेत होतो, ते आत चाललं होतं. ती लंगडी पोरीने संगणकावर केली होती, हे मला नंतर कळलं. एवढी एकच. आठ महिने लागले तिला.

राखाडी झगा मला आजही पटलेला नाही. विहिरीचंही दुःख आहेच. ते माझं मत आहे आणि आता मी ते बघून सांगतो आहे. ग्रुपवर मी हसण्याबद्दल लिहिलं, तर एकाने विचारलं, "मग त्या दिवशीची घोषणा?"

टॉवेल-टोपी परत करायला मी दुसऱ्या आठवड्यात खुटबावला गेलो होतो. पोरीच्या आईने हात लावला नाही. "दिलेला मान परत घेत न्हाईत, भावजी," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. घाम पुसायला व्हईल. तुम्हाला लई येतो." आत भांडी घासायला गेली ती चहा न विचारताच. तो टॉवेल आता ट्रंकेत आहे, कॉमिक्सच्या वर. ट्रंक उघडली की आधी तो उचलावा लागतो.

तर चाळीची सावली, चारचा सुमार. दोस्ताने फोन हातात घेतला होता, बायका उठायच्या तयारीत होत्या, मी नारळ या हातातून त्या हातात घेत होतो. आबा पिक्चर सुटल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. पिकअपमध्येही नाही. लोक म्हणत होते, म्हातारं थकलं. त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली.

"थांब रं जरा," ते पोराला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लेका, तू जाणता. मला येक सांग. त्या पुलावरनं मेंढरं गेली बघ. त्यातली ती शेवटची लंगडी, ती कंचा पाय धरीत व्हती? मला डावा वाटला. पर आता नजर ऱ्हायली न्हाई, म्हणून इचारतो."

मी हसलो. अगदी मोकळेपणाने, टोपी जरा मागे सारून, सगळ्यांकडे बघत, लग्नात एखाद्या म्हाताऱ्याची गोड थट्टा करतो तसा.

"आबा, आबा! तुमचा जीव अजून कळपातच आहे बघा! अहो, तो सुपरहिरोचा पिक्चर. त्यात मेंढरं कुठून येतील?"

कुणीच हसलं नाही.

पिकअपमधले चौदाच्या चौदा माझ्याकडे बघत होते. दोस्ताचा फोन धरलेला हात तसाच राहिला. गुऱ्हाळातले बापे त्यांच्याकडे बघायला लागले, काय झालं म्हणून. आणि त्या शांततेत ती पोरगी घाईघाईने बोलली. तिचं सगळं ज्याने घालवलं होतं, त्याला झाकायला बोलली.

"आबा, काका लई मागं बसलं व्हतं. तिथनं नीट दिसत न्हाई."

मला म्हणायचं होतं की नाही, मी मागे नव्हतो, मी बाहेर होतो. आयुष्यात त्या एकाच वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्या टोपीकडे, टॉवेलकडे, नारळाकडे, सावकाश, वरून खाली. आणि मग खुर्चीचे हात धरून ते अर्धवट उठले आणि शेजारच्या गुऱ्हाळापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले:

"आरं, ह्यानं दातच न्हाई बघितलं! पोरी, भर तुझी पिशवी!"